घागरीचा पोचा

‘‘दे टाकून मोडीत. त्याचं काय चित्र काढून भिंतीला लावायचंय का?’’

आमचे हे त्या दिवशी वैतागून बोलले आणि पुन्हा बारदानाच्या हिशेबात डोकं घालून बसले. बोलणं तिथेच संपलं असतं; पण मी हातात घागर घेऊन उभी होते आणि मनात आलं, खरंच, का नाही काढायचं?

लोणंदच्या पेठेतलं आमचं जुनं घर गेल्या वर्षी उतरवायचं ठरलं. भिंतींना भेगा गेल्या होत्या. नव्या घरात हंडे, घागरी, बंब ठेवायला जागा नाही. पाण्याची टाकी वर आणि गीझर बाथरूममध्ये, मग तांब्यापितळेची अडगळ कशाला? एकेक भांडं जाऊ लागलं. सासूबाई काही बोलत नव्हत्या. नुसत्या ओट्यावर बसून बघत असत. मी सगळ्यांना सांगितलं, ‘‘घागर दिवाळीपर्यंत राहू दे. मला तिचं चित्र काढायचंय.’’ घरात हशा पिकला.

हसण्यासारखंच होतं म्हणा. शाळेत मी इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिली होती. त्यात स्थिरचित्राचा पेपर असायचा. टेबलावर किटली, दोन फळं, मागे चुण्या पाडलेला कपडा, आणि ते बघून रंगवायचं. त्यानंतर लग्न, दोन मुलं, दुकान. तीस-पस्तीस वर्षांत रांगोळीपलीकडे रंगांना हात लावला नव्हता. आणि आता तर मला तैलरंगच हवे होते, कारण तांब्याची ती चमक जलरंगात मला कधीच जमली नव्हती.

मुलीने पुण्याहून सहा ट्यूब, तीन ब्रश, टर्पेंटाइन, जवसाच्या तेलाची छोटी बाटली आणि कॅनव्हासचे बोर्ड आणून दिले. पाडव्यानंतर सुरुवात केली. दुपारी दोन ते चार ही माझी वेळ. पहिली घागर आठ दिवसांत झाली. गोल, गुळगुळीत, केशरी. मी खूश होऊन सासूबाईंना दाखवली. त्यांनी जवळ धरून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘चांगली हाय. पर ही आपली न्हवं.’’

मला राग आला. त्यांना चित्रातलं काय कळतंय, असं वाटलं आणि मी पुढच्या बोर्डाला लागले.

दुसऱ्या चित्राला जवसाचं तेल संपलं. लोणंदमध्ये ते कुठून मिळणार? तेल ते तेल, म्हणून मी स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं घातलं! रंग छान पसरला. पण आठवडा गेला, महिना गेला, चित्र वाळेना. बोट लावलं की चिकट. त्यावर धूळ बसली, एक माशी बसली ती तिथेच राहिली, आणि एक दिवस कांद्याचं साल उडून येऊन चिकटलं.

मग मुलीला पुस्तक आणायला सांगितलं, तेव्हा कारण समजलं. तैलरंग कपड्यासारखा पाणी उडून वाळत नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. हा गुण जवस, अक्रोड, खसखस यांच्या तेलात असतो, शेंगदाण्याच्या तेलात नसतो. आपल्या करडईच्या तेलातही तो आहे, पण ते सावकाश वाळतं. मात्र ते कमी पिवळं पडतं म्हणून पांढऱ्या रंगासाठी वापरतात. ज्या जवसाची चटणी मी आयुष्यभर भाकरीबरोबर वाढली, त्याच जवसावर जगभरचे चित्रकार अवलंबून होते, हे मला पन्नाशीत कळलं. आणखी एक कळलं. खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ ठेवायचा आणि वरच्या थरांत तेल वाढवत जायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला तडे जातात.

तिसरं चित्र झालं तेव्हा ज्ञानोबा माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला आली होती. आमच्याकडे दरवर्षी वारकरी उतरतात. मराठवाड्यातल्या एक आजी चहा पिताना भिंतीला टेकवलेल्या चित्राकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘माउली, घागर हवेत कशी काय ठेवली?’’ मी चमकले. खरंच की! घागरीखाली सावलीच नव्हती. घागर रंगवण्याच्या नादात ती कशावर ठेवलीय हे मी पाहिलंच नव्हतं. पालखी तरडगावकडे निघाली आणि मी दुपारी नुसती सावली बघत बसले. सावली काळी नसते. घागरीला टेकते तिथे गडद, लांब जाईल तशी फिकट, आणि तांब्याची थोडी लाली तिच्यातही उतरलेली.

श्रावणात औंधला जायचा योग आला. रेल्वेने रहिमतपूर आणि तिथून एसटी. यमाईचं दर्शन घेतलं आणि डोंगरावरच्या भवानी संग्रहालयात गेले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढत. त्यांनी जमवलेली चित्रं-शिल्पं सर्वांना पाहता यावीत म्हणून १९३८ साली हे संग्रहालय झालं. आपल्याच जिल्ह्यात, आणि मी मात्र पहिल्यांदा पाहत होते! राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे मी बराच वेळ थांबले. मला दागिने बघायचे होते. जवळ जाऊन पाहिलं तर सोनेरी रंग कुठेच नाही. पिवळा, तपकिरी, आणि उजेड पडतो तिथे एक पांढुरका ठिपका. दोन पावलं मागे आले की सोनं!

या रविवर्म्यालाही तैलरंग कोणी हाताला धरून शिकवले नव्हते. त्रावणकोरच्या दरबारातल्या चित्रकाराने ही विद्या द्यायला नकार दिला. १८६८ साली थिओडर जेन्सन हा युरोपीय चित्रकार तिथे आला, त्याने फक्त काम करताना बघू दिलं. बाकी सगळं त्याने करून, चुकून, पुन्हा करून मिळवलं. परतीच्या एसटीत मला फार हलकं वाटत होतं.

घरी आल्यावर केशरी ट्यूब बाजूला ठेवली आणि घागरीत काय काय दिसतं ते शोधू लागले. खिडकीची निळसर पट्टी होती. चौरंगाचं तपकिरी लाकूड होतं. आणि पोटाशी एक हिरवा डाग होता, तो काही केल्या कळेना. दुसऱ्या दिवशी तो डाग निळा! मग लक्षात आलं, ती मीच. माझ्या गाऊनचा रंग घागरीत उतरत होता. पुढचे अकरा दिवस मी दुपारी तोच हिरवा गाऊन घातला. शेजारीण म्हणाली, ‘‘वहिनी, नवस बोललाय का?’’ त्यात शेजारी मांडलेल्या कांद्याला कोंब फुटले. ते रोज वाढायचे, मला रोज पुसून नव्याने काढावे लागायचे. आणि एका सकाळी पाहते तर सासूबाईंनी मायेने घागर चिंच लावून लख्ख घासून ठेवलेली. आठवड्याभराची मेहनत गेली!

मी काही बोलले नाही. नव्या उजेडात घागर पुन्हा मांडली. आणि घासल्यामुळे असेल, पोटाच्या डाव्या बाजूला बोटभर लांब पोचा पहिल्यांदा ठळक दिसला. तो आधीही होताच. पण घागर गोल असते हे मला माहीत होतं, म्हणून तिन्ही चित्रांत मी तो नकळत बुजवून टाकला होता.

‘‘आत्या, हा पोचा कशाने आला?’’

‘‘बाहत्तरच्या दुष्काळात,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हिरीनं तळ गाठला व्हता. पायऱ्या उतरून वाटीनं पाणी भरायचं. दिवसभर खडी फोडून आल्यावर. एक दिस पाय सटकला. घागर दगडावर आपटली, मी तिच्यावर. तुझा नवरा पोटात व्हता. घागरीनं घेतलं त्ये.’’

सव्वीस वर्षं मी ती घागर घासली होती. मला हे ठाऊक नव्हतं. बहुधा यांनाही नव्हतं, कारण हिशेब करता करता त्यांचं पेन थांबलं होतं.

चौथी घागर धनत्रयोदशीच्या आधी झाली. मान जरा वाकडीच आहे आणि कांद्याचे कोंब अर्धे पुसलेले. सासूबाईंनी चित्र हातात घेतलं, पोच्यावरून बोट फिरवलं (रंग ओला होता, त्यांच्या बोटाचा ठसा तिथे तसाच आहे) आणि म्हणाल्या, ‘‘ही आपली.’’

घागर मात्र गेली. वाटणीत ती धाकट्या जाऊबाईंकडे आली, आणि सासूबाईंनीच ती पुसून त्यांच्या गाडीत ठेवली. हो, मोडीत घालायचा विषय यांनी पुन्हा काढला नाही.

मैत्रिणींनो, तुम्हाला करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. पांढरा, पिवळा, लाल, निळा आणि तपकिरी, एवढे रंग पुरे. निळा आणि गडद तपकिरी मिसळला की काळ्याचंही काम होतं. उजेड एकाच खिडकीतून येऊ द्या, उत्तरेची असेल तर उत्तम. टर्पेंटाइनची बाटली बंद आणि दारं-खिडक्या उघडी ठेवा, रंग ओट्यावर नकोत. तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा. आणि वस्तू विकत आणू नका. घरातलीच, जिच्याकडे बघायचं राहून गेलंय अशी एक निवडा.

माझ्या चौरंगावर सध्या सासूबाईंचा अडकित्ता आहे. त्याची एक मूठ जास्त झिजलीय. ती का, ते आज दुपारी विचारणार आहे.