‘सद्वर्तन असेपर्यंत’

अमेरिकेच्या संघीय न्यायाधीशपदासाठी वय, पदवी वा वकिलीचा अनुभव यांपैकी एकही अट तेथील संविधानाने घातलेली नाही. आपल्या उच्च न्यायालयांसाठी १० वर्षांची वकिली किंवा तितकाच न्यायाधिकाराचा अनुभव लागतो, व निवृत्ती ६२ व्या वर्षी होते. तेथे राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवावे, सेनेटने संमती द्यावी, आणि न्यायाधीशाने ‘सद्वर्तन असेपर्यंत’ पदावर राहावे. या पदबंधाचा वाच्यार्थ नैतिक असला, तरी महाभियोगाचा अपवाद सोडल्यास व्यवहारात त्याचा अर्थ ‘आजन्म’ असाच होतो.

पदाला असे अभय असले तरी बढतीला ते नाही. लर्नेड हँड यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. (‘विद्वान’ असा अर्थ होणारे हे नाव वस्तुतः त्यांच्या आजोळचे आडनाव होय.) वकिली सोडून १९०९ साली ते न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात आले. १९१७ साली, ऐन युद्धकाळात, ‘द मासेस’ हे मासिक टपालखात्याने अडविले. कायदा मोडण्याची प्रत्यक्ष चिथावणी निराळी आणि सरकारवरील कडवी टीका निराळी, असा शब्दार्थाचा सूक्ष्म भेद करून हँड यांनी मासिकाच्या बाजूने आदेश दिला. अपील न्यायालयाने तो त्याच वर्षी फिरविला. पुढे त्या न्यायालयातील जागा १९१८ साली मार्टिन मॅन्टन यांना मिळाली. हँड यांना तेथे पोहोचण्यास १९२४ साल उजाडले. १९३९ साली मॅन्टन लाचखोरीच्या प्रकरणात दोषी ठरले; त्याच वर्षी त्या न्यायालयाचे ज्येष्ठपद हँड यांच्याकडे आले. सर्वोच्च न्यायालयात मात्र ते कधीच गेले नाहीत.