आगंतुक कार्बन

ठाण्यातल्या कोलशेतच्या रस्त्याने ज्यांनी सकाळच्या पाळीचा भोंगा ऐकून घड्याळे लावली, त्यांना ‘बॅच गेली’ या दोन शब्दांचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. घटकद्रव्ये तीच, वजने तीच, कामगारही तेच. आणि तरीही तापमान चार-दोन अंशांनी ढळले, किंवा पिंपाच्या तळाशी आधीच्या मालाचा अंश राहून गेला, एवढ्या कारणाने रंगाची छटा बदलून बसावी, ही रसायनाच्या धंद्यातली नित्याची हकीकत होय. कोलशेतचे ते रसायनांचे कारखाने गेले, त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. परंतु पदार्थाचा स्वभाव त्याच्या नावावरून ओळखता येत नाही, तो कसा घडला याचे दप्तर पाहावे लागते, हे त्या पिढीचे ज्ञान आजही खरे आहे. त्याचा सर्वांत विलक्षण दाखला याच मुंबई परिसरात, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मिळतो.

अतिसंवाहकता म्हणजे विशिष्ट तापमानाखाली विद्युत्‌रोध समूळ नाहीसा होणे. या शास्त्राचा जन्मच मुळी अशुद्धीच्या तक्रारीतून झाला. हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी सोने आणि प्लॅटिनम थंड करून पाहिले, तेव्हा रोध कमी होत होत एका पातळीवर अडून राहिला. हा उरलेला रोध अशुद्धीचा, असे ठरवून त्यांनी वारंवार ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येणारा पारा हाती घेतला आणि १९११ साली ४.२ केल्व्हिनच्या सुमारास त्याचा रोध एकाएकी लोपलेला पाहिला. गंमत अशी की, पुढे पाऱ्यात मुद्दाम भेसळ करून पाहिली तरी तो अतिसंवाहकच राहिला! सामान्य अशुद्धी या अवस्थेला फारशी बाधत नाही. बाधते ती चुंबकीय अशुद्धी. लॅंथॅनममध्ये शेकडा एखादा अणू गॅडोलिनियमचा मिसळला की मामला आटोपतो, हे १९५८ साली बेल प्रयोगशाळेत मथायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते.

म्हणूनच निकेलसारख्या चुंबकीय गोत्रातल्या धातूचे प्राबल्य असलेल्या मिश्रणात कोणी अतिसंवाहकता शोधीत बसत नसे. नव्वदीच्या दशकाच्या आरंभी कुलाब्याच्या गटाकडे इट्रियम एक भाग, निकेल चार आणि बोरॉन एक अशा संयुगाचे नमुने होते. हे नमुने आर्क भट्टीत घडतात. पाण्याने थंड राखलेल्या तांब्याच्या तळावर धातूंचे तुकडे ठेवायचे, हवा काढून आर्गॉन भरायचा, उरलासुरला ऑक्सिजन गिळण्यासाठी आधी टायटॅनियमची गोळी वितळवायची, आणि मग विजेच्या ठिणगीखाली तुकडे एकजीव होऊन जे चकचकीत बटण तयार होते ते उलटून पुन्हा वितळवायचे, पुन्हा उलटायचे, पुन्हा वितळवायचे. अशा नमुन्यांनी १२ केल्व्हिनजवळ, म्हणजे उणे २६१ अंश सेल्सिअसला, अतिसंवाहकतेची खूण दाखवली. मात्र ती इतकी क्षीण की, नमुन्याचा अगदी अल्प हिस्साच तिला जबाबदार असावा. दुसऱ्या एखाद्याने ‘भेसळ आहे’ असा शेरा मारून बटण खणात टाकले असते, आणि त्याला दोषही देता आला नसता. या मंडळींनी त्या भेसळीचीच चौकशी आरंभली. संशय कार्बनवर गेला. तेव्हा चोराला बाहेर घालवण्याऐवजी त्यांनी त्याला राजरोस आत बोलावले, कार्बन मोजून घातला, आणि खूण बळावली! आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन, मुंबई आयआयटीचे बी. डी. पदालिया आदींचा निबंध जानेवारी १९९४ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या कावा यांच्या गटाने ल्युटेशियमचे भावंड १६.६ केल्व्हिनवर नेले, आणि स्फटिकरचनेचा उलगडा झाला तेव्हा कार्बनची जागा थरांमध्ये ठरलेली निघाली. तो उपरा नव्हता, वतनदार होता.

निकेलऐवजी पॅलेडियम घातले तेव्हा तर २३ केल्व्हिनपर्यंत मजल गेली, परंतु तेथे भट्टीने निराळाच शिरस्ता दाखवला. निकेलची भावंडे दीर्घ अनुशीतनाने, म्हणजे उच्च तापमानात मुदतभर ठेवून सावकाश सुधारतात. पॅलेडियमचा अतिसंवाहक अंश मात्र वितळून झटकन थिजलेल्या बटणातच टिकतो आणि शुद्ध करण्याच्या हेतूने त्याला ताप द्यावा तर तो विघटन पावतो. पाकाची तार पाहून विस्तवावरून भांडे उतरवणाऱ्या गृहिणीला याचे आश्चर्य वाटणार नाही, शास्त्रज्ञांना वाटले.

याउलट, ज्या नायोबियम-टायटॅनियमच्या तारांवर ठाण्यातल्या इस्पितळांची एमआरआय यंत्रे चालतात, त्या तारांना चारशे अंश सेल्सिअसच्या आसपास ताप देऊन टायटॅनियमचे सूक्ष्म कण मुद्दाम साकळवतात, कारण चुंबकीय रेषांना खिळवून ठेवण्यास हेच दोष उपयोगी पडतात.

आणि त्याच कुलाब्यात, २०१६ अखेर, एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथचे अत्यंत शुद्ध एकस्फटिक ०.५३ मिलिकेल्व्हिनपर्यंत उतरवून अतिसंवाहक केले. येथे कार्बनलाच काय, कोणालाच आमंत्रण नव्हते. एवढेच नव्हे, ही अवस्था ५.२ मायक्रोटेस्लाच्या क्षेत्राने मोडते, आणि मुंबईत पृथ्वीचे स्वतःचे चुंबकक्षेत्र त्याच्या आठपटीच्या आसपास आहे. तेव्हा बटणातला पाहुणा ओळखून घेणाऱ्या संस्थेला या खेपेस पृथ्वीलाही दाराबाहेर ठेवण्याचा बंदोबस्त करावा लागला.