स्वमग्न मूल आणि घराची हरवलेली झोप

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखान्याचे शटर उघडायला गेलो तो एक तरुण जोडपे पायरीवर बसलेले. वडील तळोजा एमआयडीसीतली रात्रपाळी अर्धवट टाकून आलेले, आईचे डोळे सुजलेले. सोबतचा सहा वर्षांचा मुलगा मात्र टवटवीत, पायरीवरून खाली-वर उड्या मारत होता.

आदल्या रात्री अडीचच्या सुमारास आईला जरा डुलकी लागली. तेवढ्यात मुलगा कडी काढून घराबाहेर पडला. शेजारीपाजारी बॅटऱ्या घेऊन धावले. मुलगा सापडला तो वडाळे तळ्याच्या काठावर. पाण्यात दिव्यांचे प्रतिबिंब हलत होते, ते बघत बसला होता. एका रखवालदाराचे वेळीच लक्ष गेले म्हणून पुढचे टळले.

आई म्हणाली, "डॉक्टर, तीन वर्षांत मी सलग तीन तास झोपलेली नाही. आता मला तरी झोपेचं औषध द्या, नाहीतर ह्याला तरी द्या."

वाचकहो, त्या क्षणी मला माझीच चूक आठवली. हा मुलगा स्वमग्न आहे, हे निदान दोन वर्षांपूर्वी मुंबईत झाले होते. त्याच सुमारास हे कुटुंब झोपेची तक्रार घेऊन माझ्याकडे आले होते. बाहेर पेशंटची रांग होती. मी गुंगी आणणारे सर्दीचे सिरप लिहून दिले आणि म्हणालो, "मोठा झाला की होईल ठीक." त्या रात्री मूल झोपणे दूरच, उलट पहाटेपर्यंत थैमान घालत होते. काही मुलांत अशा औषधाचा उलटा परिणाम होतो, हे मला माहीत असायला हवे होते. आईवडील ते सांगायला परत आले नाहीत. पुढची दोन वर्षे त्यांनी नुसती सोसली. आजचा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून समजा.

झोप का उडते?

स्वमग्नता हा मेंदूच्या वाढीतला जन्मजात वेगळेपणा आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत त्याचे सविस्तर वर्णन केले. बोलणे, नजर देणे, इतरांत मिसळणे या मुलांना अवघड जाते. ठरावीक गोष्टी पुन्हा पुन्हा कराव्याशा वाटतात. आवाज, उजेड, स्पर्श काहींना फार तीव्रतेने जाणवतात. आईच्या लाडाने किंवा दुर्लक्षाने हे होत नाही, कोणाच्या नजरेनेही होत नाही.

अशा मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेचा त्रास असतो. अंधार पडला की आपल्या मेंदूतील एका छोट्या ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. काही स्वमग्न मुलांत हे घड्याळच वेगळे चालते. शिवाय 'आता सगळे झोपले, म्हणून मीही झोपायचे' हा इशारा आपल्याला न सांगता कळतो, तो या मुलांना कळेलच असे नाही. कूलरचा टपटप आवाज, चादरीची शिवण, खिडकीतून येणारा ट्रकचा झोत एवढ्यानेही जाग येते.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची डुलकी धरून १० ते १३ तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी. ती सतत कमी पडली की चिडचिड, स्वतःला मारून घेणे, हट्ट हे सारे वाढते. लोक म्हणतात आजार बळावला. अनेकदा बळावलेली असते ती झोपमोड.

आधी शरीर तपासा

बोलता न येणारे मूल 'पोट दुखते' असे सांगू शकत नाही. ते रात्री उठून रडते. म्हणून झोपेच्या औषधाआधी डॉक्टरांनी मूल पायापासून डोक्यापर्यंत तपासायला हवे आणि पालकांनी तसा आग्रह धरायला हवा.

शौचास घट्ट होते का? जेवल्यावर आडवे केले की रडते का? दात किडला आहे का, कान दुखतो का? रात्री गुदद्वाराशी खाजवते का? सुतासारखे बारीक जंत रात्रीच बाहेर येतात. अंगावर खरूज किंवा इसब आहे का? तोंड उघडे ठेवून घोरते का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का? मग टॉन्सिल व नाकामागच्या गाठी दाखवून घ्याव्यात. झोपेत अंग ताठ होणे, झटके येणे, जीभ चावणे असे काही दिसले तर फिट्सची शंका घेऊन मेंदूचा आलेख काढावा लागतो. स्वमग्न मुलांत फिट्सचे प्रमाण इतर मुलांपेक्षा अधिक असते. असा प्रकार मोबाइलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवला तर फार मदत होते.

आमचा हा मुलगा दही-भात आणि ग्लुकोज बिस्किटांपलीकडे काही खात नव्हता. दिवसाला चार कप दूध मात्र पीत होता. भाजी नाही म्हणून बद्धकोष्ठता, नुसत्या दुधावर भर म्हणून लोहाची कमतरता. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, रात्रभर भिंतीला पाय घासतो हो, नाहीतर लाथा झाडतो." शरीरात लोहाचा साठा कमी पडला की पायांत अशी तळमळ होऊ शकते. हिमोग्लोबिन जवळजवळ ठीक होते, पण साठा दाखवणारी फेरिटीनची तपासणी केली तर ते बरेच खाली. बालरोगतज्ज्ञांनी आधी पोट साफ होण्याचे औषध दिले, मग लोह सुरू केले, कारण लोहाने शौच आणखी घट्ट होऊ शकते. एक इशारा: लोहाचे औषध जास्त प्रमाणात गेले तर लहान मुलाला विषासारखे असते. प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे आणि बाटली कुलपात ठेवावी.

दोन आठवड्यांची वही

मी आईला शाळेची शंभर पानी वही आणायला सांगितली. रोज फक्त पाच गोष्टी लिहायच्या: अंथरुणावर केव्हा गेला, झोप केव्हा लागली, रात्री कितीदा उठला, सकाळी केव्हा उठला, दिवसा किती झोपला. शेजारी त्या दिवशी काही विशेष घडले असेल तर ते.

दोन आठवड्यांनी वही बघितली आणि अर्धे उत्तर तिथेच होते. वडिलांची दुसरी पाळी असली की ते साडेअकराला घरी येत, मुलगा त्यांच्या मोबाइलसाठी जागा राही. सहा वाजता आजींच्या बशीतला चहा त्याच्या पोटात जात होता. शाळेतून आल्यावर तो दोन तास झोपत होता. आणि चार रात्री आईने लिहिले होते, 'लाइट गेली.' उकाड्याने नव्हे, पंख्याचा आवाज थांबला की तो दचकून उठत होता. बॅटरीवर चालणारा छोटा पंखा आणल्यावर ते थांबले.

घरात काय करावे?

उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रविवारीसुद्धा. संध्याकाळचा चहा, कोला, चॉकलेट बंद. झोपण्यापूर्वी निदान तासभर टीव्ही व मोबाइल बंद, घरातले दिवे मंद. हा नियम मोठ्यांनाही लागू आहे.

झोपेआधीचा क्रम रोज तोच हवा आणि तो चित्रांत दाखवा, कारण यातल्या पुष्कळ मुलांना शब्दांपेक्षा चित्र लवकर कळते. दात घासणे, शू, कपडे बदलणे, गोधडी, दिवा बंद अशी पाच चित्रे आईने स्वतः काढून भिंतीवर चिकटवली.

साडेबाराला झोपणाऱ्या मुलाला नऊ वाजता अंथरुणात डांबून भांडण उकरू नका. आधी त्याच्या खऱ्या वेळेलाच अंथरुणावर न्या. झोप पटकन लागू लागली की दर काही दिवसांनी ती वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणा. रात्री उठला तर दिवा नको, गप्पा नकोत, खाऊ नको. शांतपणे पुन्हा निजवा.

वजनदार पांघरुणांच्या जाहिराती दिसतात. २०१४ साली इंग्लंडमधील डॉक्टरांनी स्वमग्न मुलांवर त्यांची चाचणी प्रसिद्ध केली. मुलांना ती आवडली, पण झोप वाढली नाही. मुलाला आवडत असेल तर आजीची गोधडी पुरे, फक्त ती त्याला स्वतः दूर सारता आली पाहिजे.

आणि सुरक्षितता. दाराला उंचावर दुसरी कडी बसवा, दारावर घुंगरू बांधा, गॅसचा रेग्युलेटर रात्री बंद करा. अनेक स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ असते. घराजवळ तळे, विहीर असेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा. त्यात लाज कसली?

औषध केव्हा?

अमेरिकेतील मेंदुरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली क्रम सांगितला आहे: आधी शारीरिक कारणे पाहा, मग सवयी सुधारा, त्यानेही भागले नाही तर मेलाटोनिन. युरोपात २०१८ साली स्वमग्न मुलांसाठी मेलाटोनिनच्या खास गोळीला मान्यता मिळाली. हे औषध कित्येक मुलांना उपयोगी पडते, पण ते दुकानातून आपल्या मनाने आणू नये. प्रमाण, वेळ आणि किती महिने द्यायचे हे बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदुरोगतज्ज्ञच ठरवतील. मोठ्यांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा मुलाला देणे तर धोक्याचेच. आधीपासून फिट्सचे औषध चालू असेल तर ते अचानक थांबवू नका.

कुठे जावे?

पनवेलकरांसाठी राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. मुंबईत परळचे वाडिया रुग्णालय, शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि २००१ मध्ये सुरू झालेले 'उम्मीद' केंद्र आहे. अंगणवाडी व सरकारी शाळेतील मुलांची तपासणी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते. २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा दिव्यांगत्वात समावेश आहे. प्रमाणपत्र काढून घेतले तर 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो.

जाताना झोपेची वही सोबत न्या. 'झोपत नाही' या दोन शब्दांवर डॉक्टर घाईत काय करतात, ते मी वर कबूल केलेच आहे. वहीची पाने उलटायला लागले की डॉक्टरलाही खुर्चीत नीट बसावे लागते.

त्या घरात आज काय स्थिती आहे? चमत्कार झालेला नाही. मुलगा साडेदहाला झोपतो आणि बहुतेक दिवस साडेपाचपर्यंत झोपतो. आठवड्यातून एक-दोनदा अजून उठतो. पण मी आणखी एक औषध लिहून दिले होते, मुलासाठी नव्हे, घरासाठी: आठवड्यातल्या दोन रात्री आई दुसऱ्या खोलीत झोपेल आणि मुलाजवळ वडील किंवा आजी राहतील. सुरुवातीला आजी नाखूश होत्या. आता त्याच सुनेला सांगतात, "जा गं, आज माझी पाळी."

परवा ती आई दवाखान्यात आली होती, स्वतःच्या खोकल्यासाठी. मी विचारले, "झोप?" ती हसली. म्हणाली, "डॉक्टर, काल गजर वाजला तरी मला कळलं नाही. ह्यानेच येऊन उठवलं."

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)