खंडेनवमी, दुचाकी आणि खारा वारा

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. खंडा म्हणजे तलवार; तिच्या पूजेचा हा दिवस. तलवारी भिंतीवर गेल्या, काही वस्तुसंग्रहालयांत विसावल्या. पूजेचा दिवस मात्र राहिला आणि ज्याच्या त्याच्या हातातील हत्याराकडे वळला. शेतकऱ्याने नांगर आणि कोयता पुजावा, सुताराने रंधा आणि करवत, विद्यार्थ्याने पाटी-पुस्तक, कारकुनाने लेखणी. या मालिकेत दुचाकी केव्हाच येऊन बसली आहे. मालवणच्या पेठेत नवमी-दशमीस फेरफटका मारावा, तर पडवीपडवीत धुतलेल्या सायकली, मोटारसायकली, स्कूटर उभ्या दिसतात. हँडलला झेंडूचा हार, त्यात आंब्याचा टाळ, कोठे नव्या भाताची लोंबी, पुढच्या चाकाखाली लिंबू. वर्षभर धुळीत आणि चिखलात राबलेले वाहन त्या दिवशी नवरदेवासारखे दिसते.

पांडवांनी अज्ञातवासास जाताना शस्त्रे शमीवर ठेवली, ही कथा वाचकांस सांगावयास नको. परंतु विराटपर्वातील एक तपशील कीर्तनात सहसा येत नाही. शस्त्रे ठेवण्यापूर्वी पांडवांनी धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या. मग नकुल झाडावर चढला, बळकट अशा फांद्या त्याने निवडल्या, आणि पावसाची झोड पोचणार नाही अशी जागा पाहून तेथे ती शस्त्रे पक्क्या दोरांनी बांधली. अज्ञातवास वर्षाचा होता. मध्ये एक पावसाळा येणारच होता. ताणलेली दोरी सैल करावी आणि लोखंड पावसापासून राखावे, एवढी व्यवहारी काळजी महाभारतकारांनी त्या प्रसंगात नोंदवून ठेवली आहे. आमच्या मते दसऱ्याच्या कथेतील हा भाग मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने विशेष ध्यानात ठेवावा. कारण येथे शत्रू वर्षातून एकदा येत नाही; तो बाराही महिने दारात उभा असतो.

त्या शत्रूचे नाव खार. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खडकावर लाट फुटली की तिचे तुषार वाऱ्यावर चढतात, पाणी वाटेतच उडते आणि मिठाचे सूक्ष्म कण घरांवर, माडांवर, वाहनांवर येऊन बसतात. लोखंड गंजण्यास पाणी आणि हवा पुरेशी असतात, मीठ लागतेच असे नाही. परंतु मीठ विरघळलेले पाणी वीज सुलभतेने वाहते, आणि गंज चढणे ही मुळात विजेचीच लहानशी करामत असल्याने तिचा वेग अनेक पटींनी वाढतो. याहून कपटी गोष्ट अशी की, हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी स्वतःच ओढून घेते. म्हणजे पाऊस नसताना, वाहन वरून कोरडे दिसत असताना, चेनीच्या सांध्यांत आणि मडगार्डच्या आतल्या कडेला ओल टिकून राहते. देवबागेसारख्या गावात, जेथे एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्लीची खाडी, तेथे वाहनाला पाठ फिरवायलाही जागा नाही. समोर कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग उभा राहिला, तेव्हा पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे परंपरा सांगते. खाऱ्या पाण्यात लोखंडाचा भरवसा धरू नये, हे त्या बांधणाऱ्यांस कळत होते. पेठेतील एक वृद्ध मिस्त्री हेच चार शब्दांत सांगतात: "खाराक कोणाची भीड नाय."

होडीला या किनाऱ्यावर विश्रांती आहे. पावसाळ्यात ती वर ओढली जाते, झापांनी शाकारली जाते, तिची डागडुजी होते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते. सायकलीला आणि मोटारसायकलीला असा अवकाश नाही. ऐन आषाढात, पाऊस झोडपत असताना, तिला शाळेत, बाजारात, कुडाळच्या स्टेशनावर जावेच लागते. म्हणून पाऊस ओसरतानाची खंडेनवमी हीच तिची खरी डागडुजीची तिथी. नुसते धुऊन हार घातला तर ती तिथी फुकट जाते.

सर्वांत बिकट अवस्था मासळी विकणाऱ्यांच्या गाडीची. पूर्वी सायकलीच्या कॅरिअरवर टोपली असे. पुढे बजाजची एम-८० आली आणि कोकणातील मासळीवाल्यांनी तिला जणू आपलीच करून घेतली. टोपली गेली, बर्फाची पेटी आली. पण पेटीतून ठिबकणारे पाणी तेच. मासळीचे खारे पाणी आणि वितळलेला बर्फ थेंबाथेंबाने मागच्या हबवर, चेनीवर आणि स्पोकांच्या मुळाशी पडतो. आमच्या पाहण्यातील एका विक्रेत्याने यावर बिनखर्चाचा उपाय काढला आहे. जुनी ट्यूब उभी चिरून तिचा पट्टा त्याने पेटीखाली असा बांधला आहे की पाणी मागच्या चाकापलीकडे रस्त्यावर पडावे. विक्री संपल्यावर घरी येताच विहिरीच्या गोड्या पाण्याच्या दोन कळशा गाडीवर, मग स्वतःवर. हा त्याचा क्रम कधी चुकत नाही. समुद्रावर गाडी नेणाऱ्या हौशी मंडळींनी हा क्रम उचलण्यासारखा आहे. तारकर्लीच्या वाळूत चाके फिरवून छायाचित्रे काढावयाची आणि गाडी तशीच खळ्यात उभी करून ठेवावयाची, याला शौक म्हणवत नाही.

आता चेनीकडे वळू. मालवणात दोन धुळी आहेत, किनाऱ्याची वाळू आणि माळावरची जांभ्याची तांबडी माती. तेल पुसून न घेतलेल्या चेनीवर ही माती बसली की तेल आणि माती यांचे गंध उगाळले जाते, आणि त्या सहाणेवर झिजतात चेनीच्या कड्या. तेव्हा चेन आधी रॉकेलात, ते न मिळाल्यास डिझेलात, ब्रशाने धुवावी; पेट्रोल वापरू नये, पूजेच्या दिवसांत घरात निरांजन तेवत असते हे विसरू नये. चेन पूर्ण सुकल्यावर प्रत्येक सांध्यात आतून एकेक थेंब तेल सोडावे, पायडल उलटे फिरवावे आणि बाहेरचे तेल फडक्याने निपटून काढावे. तेल हवे सांध्याच्या पोटात. बाहेर दिसते ते धुळीचे आमंत्रण. कित्येक सायकल दुकानांत ‘ओव्हरहॉलिंग’ला ‘ओव्हरऑयलिंग’ म्हणतात. शब्द चुकला खरा, पण वाजवीपेक्षा जास्त तेल ओतण्याची आपली सवय त्यात आपोआप नोंदली गेली आहे. काही घरांत चेनीला खोबरेल घालण्याची प्रथा आम्ही पाहिली. घरचे माड, घरचे तेल, भावना समजते; परंतु खोबरेल थंडीत थिजते आणि जुने झाले की चिकट होते. ते केसांनाच शोभते. चेन बदलावी की नाही हे पट्टीने कळते. सायकलीच्या चेनीच्या २४ कड्या नवेपणी बरोबर १२ इंच भरतात. त्या १२ इंचांवर एक अष्टमांश इंच वाढल्या की चेन संपली असे समजावे, नाहीतर ती फ्रीव्हीलचे दातही सोबत घेऊन जाते.

हबची गोष्ट याहून रंजक आहे. एका निवृत्त शिक्षकांकडे त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली चोवीस इंची काळी सायकल अजून चालती आहे. दर खंडेनवमीला सकाळी स्नान करून ते चटईवर बसतात, दोन्ही चाके सोडतात आणि हबमधील छर्रे पितळी ताटात काढतात. पुढच्या हबात प्रत्येक बाजूस दहा, मागच्यात नऊ, पायडलच्या धुरेत अकरा. घरातील नातवंडांस हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत. एका वर्षी मोजणीत एक छर्रा कमी भरला. सगळे घर ओणवे झाले, नैवेद्य खोळंबला. शेवटी मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधील लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून फिरविले, तेव्हा तो देव्हाऱ्याच्या पाटाखालून बाहेर आला. गुरुजी यातील मुद्दा असा सांगतात की एक छर्रा झिजला किंवा हरवला तर एकटाच नवा घालू नये. नवा किंचित मोठा असतो, सगळा भार त्याच्यावर येतो आणि तो कोन खातो. बदलायचे तर त्या बाजूचे सगळे छर्रे बदलावेत. ग्रीस कपात अंगठ्याने दाबून भरावे, कोन इतका आवळावा की चाक हलवल्यास खडखडू नये आणि सोडल्यास व्हॉल्व्हच्या वजनाने सावकाश खाली येऊन थांबावे. यांत्रिक भाषेत याला काय म्हणतात ते म्हणोत. चाकाची नाडी पाहण्याची ही रीत उत्तम आहे.

मोटारसायकलवाल्यांची परंपरा वेगळी. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला, त्या सुमारास येथील रस्त्यांवर राजदूत, येझदी आणि क्वचित बुलेट यांचे राज्य होते. राजदूत आणि येझदी दोन स्ट्रोकच्या. पेट्रोलमध्येच तेल मिसळावयाचे, आणि ते जास्त पडले की सायलेन्सरमध्ये काजळी साठून गाडी घाटात गुदमरत असे. दसऱ्याला सायलेन्सरची नळी काढून काजळी खरवडणे हा त्या मंडळींचा सोहळाच असे. हात कोपरापर्यंत काळे झाल्याशिवाय सण झाल्यासारखे वाटत नसे. खिशात जादा प्लग ठेवल्याविना कोणी आंबोली चढत नसे. पावसात प्लगच्या टोपीत पाणी शिरू नये म्हणून तिच्यावर सायकल ट्यूबचा तुकडा मोज्यासारखा चढवीत. ही युक्ती आजही जुन्या गाड्या बाळगणारे वापरतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा नियम आला आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तेथे इंधन मोजून सोडण्याचे काम संगणक करतो. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यात हात घालू नये हे बरे. पण तारांच्या जोडांवर हिरवट बुरशी धरते ती खाराचीच; ते जोड कोरडे ठेवणे मालकाच्या हातात आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी ओढते. जुनी गाडी अर्धी टाकी ठेवून पावसाळाभर मांगरात उभी केली, तर टाकी आतून गंजते. टाकी भरलेली ठेवावी किंवा गाडी अधूनमधून चालवावी. वरून प्लास्टिक गुंडाळू नये. आतली ओल आतच राहते. सुती चादर पुरे.

आणि आता सर्वांत गंभीर गोष्ट, जी सणाच्या उत्साहात कोणी बोलत नाही. एका दसऱ्याला कुंभारमाठाकडून मालवणात उतरणाऱ्या एका तरुणाची गाडी वळणावर थांबलीच नाही. सकाळी त्याने ती लख्ख केली होती; टायर काळे दिसावेत म्हणून तेलाचा हात फिरविला होता, आणि पूजेत हळद-कुंकू तेलात कालवून बोटे पुढच्या डिस्कवर उमटविली होती. हँडलचा जाड हार ब्रेकच्या दांडीत अडकला होता तो निराळाच. दैव बलवत्तर म्हणून गाडी कापणीला आलेल्या भातात शिरली; गुडघा फुटला, मनगट मुरगळले, एवढ्यावर निभावले. पाठीमागे धाकटी बहीण बसली होती, तिला काही झाले नाही. त्या मुलाने पूजेत कसूर केली असे कोणी म्हणणार नाही. त्याची भक्ती चुकीच्या जागी लागली होती.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे. हळद-कुंकू टाकीला, हेडलाइटला, मडगार्डला लावावे. डिस्क, सायकलीची रिम आणि टायर यांस तेल-तुपाचे बोट लागू देऊ नये. चुकून लागले तर साबणाच्या पाण्याने धुवावे, आणि ब्रेकच्या पॅडमध्ये तेल मुरले असेल तर ते बदलूनच गाडी रस्त्यावर आणावी. ड्रम ब्रेक असतील तर पावसाळ्यानंतर आतली कॅम अडकलेली असते, दांडी सोडल्यावर सावकाश परतते. ती मिस्त्रीकडून उघडून घ्यावी. हार हँडलच्या मध्यभागी घट्ट बांधावा, त्याचे टोक चाकाकडे लोंबू नये. नारळ गाडीपासून दोन हात दूर फोडावा. पेठेतील त्या मिस्त्रींकडे अष्टमीच्या संध्याकाळी हार हातात घेऊनच गाडी आणणाऱ्या पोरांस एकच उत्तर मिळते: "पयलो ब्रेक बघ, हार मगे घाल."

दशमीस सोने लुटावयास देवळाकडे निघण्यापूर्वी अंगणातच गाडी चार पावले ढकलून दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबून पाहावेत. आणि एकादशीच्या सकाळी हार उतरवावा. तो वाळून गळेपर्यंत ठेवण्यात शोभा नाही. ओल्या झेंडूखाली रंग फुगतो आणि तेथेच पहिला गंज धरतो. हार माडाच्या आळ्यात टाकावा, चाकाखालचे लिंबू आणि त्याचा रस गोड्या पाण्याने धुवावा, कोरड्या फडक्याने गाडी पुसावी आणि कामाला लावावी.