पॉवरबँक हातात, खोबरं घरात : विमानतळावर बॅग नेमकी कशामुळे अडते?

चेक-इन काउंटरवर बॅग दिली, बोर्डिंग पास मिळाला, आता फक्त सिक्युरिटी चेक उरला असं वाटत असतानाच अनाउन्समेंटमध्ये आपलं नाव पुकारलं जातं. बॅगेत काहीतरी आक्षेपार्ह दिसलंय, येऊन उघडा. बॅगेत बॉम्ब नसतो, चाकूही नसतो. कपड्यांच्या घडीत ठेवलेली पॉवरबँक असते किंवा मावशीकडे पोचवायचं सुकं खोबरं. वस्तू काढून टाकली की प्रश्न सुटतो, पण तोवर वीस-पंचवीस मिनिटं गेलेली असतात. सुट्टीच्या गर्दीत तेवढ्या वेळात गेट बंद होऊ शकतं.

यातले बहुतेक नियम वरवर विचित्र वाटतात. मात्र त्यामागचं कारण एकदा कळलं की यादी पाठ करावी लागत नाही.

पॉवरबँक चेक-इन बॅगेत का चालत नाही?

पॉवरबँकमध्ये लिथियम बॅटरी असते. ती आतून खराब झाली, दबली किंवा शॉर्ट झाली तर तापते आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. ही साखळी एकदा सुरू झाली की थांबवणं अवघड असतं. केबिनमध्ये असं झालं तर धूर लगेच दिसतो आणि क्रू पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतो. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात मात्र उड्डाणादरम्यान कोणी पोचू शकत नाही. तिथली आग विझवणारी यंत्रणा ज्वाळा दाबते, पण बॅटरीच्या आत तयार होणारी उष्णता ती थांबवू शकत नाही.

हा धोका कागदावरचा नाही. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियाच्या गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. प्रवाशांना आपत्कालीन दारांतून बाहेर काढावं लागलं आणि विमान जळालं. आग डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातल्या पॉवरबँकमुळे लागली असावी, असं तपास यंत्रणेने नंतर सांगितलं. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवरबँक वापरण्यावर बंदी घातली. सोबत एक ठेवता येते, पण तिने फोन चार्ज करता येत नाही.

तुमची पॉवरबँक चालेल का? हे गणित करा

मर्यादा एमएएचमध्ये नाही, वॉट-अवरमध्ये असते. एमएएचला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा.

- १०,००० एमएएच : ३७ वॉट-अवर
- २०,००० एमएएच : ७४ वॉट-अवर
- ३०,००० एमएएच : १११ वॉट-अवर

१०० वॉट-अवरपर्यंतची पॉवरबँक केबिनमध्ये चालते. १०० ते १६० च्या मधली असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. त्यापुढची नेता येत नाही. छापील आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षा कर्मचारी ती अडवू शकतात, म्हणून निघताना मागची बाजू बघून घ्या. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटरींनाही हाच नियम.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. विमान भरलेलं असलं की गेटवरच केबिन बॅग काढून घेतात आणि खाली सामानात टाकतात. अशा वेळी बॅग देण्याआधी पॉवरबँक काढून स्वतःजवळ ठेवा. विमानात ती वरच्या कप्प्यात न ठेवता नजरेसमोर असलेली बरी.

सुक्या खोबऱ्याला कसली बंदी?

सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. मोठ्या प्रमाणात कोंडून ठेवलं तर ते आपोआप तापू शकतं. त्यामुळे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याची गणना स्वतःहून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत होते आणि चेक-इन बॅगेत ते अडतं. वाट्या घरी ठेवून पलीकडे पोचल्यावर दुकानातून घेणं सोपं.

अख्ख्या नारळालाही केबिनमध्ये एरवी मनाई असते. २०२४ मध्ये शबरीमलाला जाणाऱ्या भाविकांना इरुमुडीतला नारळ केबिनमध्ये नेण्याची खास सवलत द्यावी लागली. तीही यात्रेच्या काळापुरती आणि पूर्ण तपासणी करूनच. देवदर्शनाहून येताना प्रसादाचा नारळ हातातल्या पिशवीत असेल तर हे लक्षात ठेवा.

पूजेच्या साहित्यातल्या आणखी दोन गोष्टी बॅग अडवतात : कापूर आणि काडेपेटी. दोन्ही ज्वलनशील, म्हणून दोन्ही बॅगांत नकोत. लायटर आणि फुलबाज्यांचंही तेच.

१०० मिलीचा नियम कुठून आला?

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीस आला. स्फोटकं शीतपेयाच्या बाटल्यांतून न्यायची होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात केबिन बॅगेतल्या द्रवपदार्थांवर १०० मिलीची मर्यादा आली. सगळ्या लहान बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत.

इथे बाटलीचा आकार मोजतात, आतला माल नाही. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाशी थोडीच पेस्ट उरली असली तरी ती अडते. 'द्रव' या शब्दात तूप, लोणचं, चटणी, मध, श्रीखंड, जेल आणि क्रीम सगळं येतं. बाळाचं दूध आणि प्रवासात लागणारी औषधं यांना सवलत असते, मात्र प्रिस्क्रिप्शन सोबत हवं.

देशांतर्गत प्रवासात पाण्याची बाटली सहसा चालते. तेल आणि लोणच्याच्या बाबतीत मात्र अंतिम शब्द तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्याचा असतो. घरचं तूप कचऱ्याच्या डब्यात जाऊ नये असं वाटत असेल तर बरणीच्या तोंडाला चिकटपट्टी लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून ती चेक-इन बॅगेतच टाका.

दुबईला फराळ पाठवताय? खसखस तपासा

यूएईमध्ये खसखशीवर अमली पदार्थांच्या कायद्याखाली बंदी आहे. आपल्याकडे अनारशाला वरून खसखस लागते, करंजीच्या सारणातही ती असते. तिथे हे प्रकरण दंडावर किंवा अटकेवर जाऊ शकतं. दुबई किंवा अबुधाबीला फराळाचा डबा नेत असाल तर अनारसे घरच्यांनाच खाऊ द्या. काही वेदनाशामक आणि कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधांवरही तिथे निर्बंध आहेत. आईवडिलांची औषधं नेताना त्यांची नावं तिथल्या नियमांत आधी तपासा.

लॅपटॉप बाहेर का काढायला लावतात?

नेहमीच्या एक्स-रेमध्ये बॅगेचं चित्र सपाट दिसतं. लॅपटॉपची बॅटरी आणि सर्किट दाट असल्याने त्याच्याखाली काय आहे ते लपतं. म्हणून तो वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायचा. फोन, घड्याळ, पाकीट, नाणी आणि पट्टा रांगेत असतानाच बॅगेच्या एका कप्प्यात टाकले तर ट्रेपाशी खोळंबा होत नाही. शिवाय काही मागे राहण्याची भीतीही कमी.

पेसमेकर असेल तर मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जाण्याआधी सीआयएसएफच्या जवानाला सांगा आणि डॉक्टरांचं कार्ड दाखवा. महिलांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करतात. आजी-आजोबांना व्हीलचेअर लागणार असेल तर ती विमानतळावर पोचून न मागता तिकीट काढतानाच नोंदवा.

डिजियात्राने काय वाचतं, काय नाही?

चेहऱ्यावरून ओळख पटवणारी ही सुविधा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. पुणे आणि मुंबईतही ती आहे. अॅपवर आधारने नोंदणी करायची आणि प्रत्येक प्रवासाआधी बोर्डिंग पास जोडायचा. दारावरची रांग त्यामुळे वाचते. सिक्युरिटी चेक मात्र सगळ्यांसारखाच होतो. ही सुविधा ऐच्छिक आहे, आधार आणि तिकीट दाखवूनही आत जाता येतं. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळतंय ना, हे बुकिंगच्या वेळीच बघा.

आधी हे बघा : विमानतळ कोणता?

सगळं नीट भरलं आणि पोचलो भलत्याच ठिकाणी, तर काहीच उपयोग नाही. मुंबईत टी-१ आणि टी-२ यांची दारं वेगवेगळी आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झालाय. तिकिटावर 'बीओएम' असेल तर मुंबई, 'एनएमआय' असेल तर नवी मुंबई. गोव्यातही दोन आहेत : दक्षिणेला दाबोळी म्हणजे 'जीओआय' आणि उत्तरेला पेडण्याजवळ मोपा म्हणजे 'जीओएक्स'. परतीचं तिकीट वेगळ्या विमानतळाचं असू शकतं. टॅक्सी ठरवण्याआधी हा कोड वाचा.

आदल्या रात्रीची पाच मिनिटं

- पॉवरबँक, सुट्या बॅटरी, रोजची औषधं, दागिने, कागदपत्रं : केबिन बॅगेत.
- कात्री, चाकू, स्क्रूड्रायव्हर, तूप, लोणचं : चेक-इन बॅगेत.
- कापूर, काडेपेटी, लायटर, सुकं खोबरं : घरी.
- घरीच वजन करा. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण १५ किलो चेक-इन आणि ७ किलो केबिन असा हिशेब असतो. तुमच्या तिकिटावरचा आकडा अंतिम.
- देशांतर्गत विमानाचे काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतात, गेट त्यानंतर. दोन तास आधी पोचलात तर बॅग उघडायची वेळ आली तरी विमान चुकत नाही.

आणि नाव पुकारलं गेलंच, तर वाद न घालता लगेच जा. बॅग तुमच्यासमोरच उघडतात. कुलपाचा नंबर तुम्हाला आठवत असला की काम दोन मिनिटांत होतं.