कान लावून पाहिलेला रंग

सुरतच्या डिंडोलीत लूमवर काम करणाऱ्या कुणालाही यार्नचे प्रकार विचारले, तर 'ब्राइट', 'सेमी डल', 'फुल डल' ही नावं तो पटापट सांगतो. नंदुरबार, धुळे, जळगावकडून सुरतेत येऊन स्थिरावलेल्या कितीतरी खानदेशी घरांत अहिराणीच्या जोडीने हे शब्दही रोजच्या बोलण्यात रुळले आहेत. ब्राइट यार्न काचेसारखं चमकतं, तर फुल डल खडूसारखं शांत, पांढरं दिसतं. पॉलिएस्टर दोन्हीकडे तेच असतं. फरक पडतो तो धागा बनतानाच त्यात मिसळलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या भुकटीमुळे. सेमी डलमध्ये ती साधारण 0.3 टक्के असते. एवढीशी भुकटीही चमक मारते, कारण तिचे कण प्रकाशाला सरळ जाऊच देत नाहीत, चहूकडे उधळून लावतात.

कापडवाल्याला हवा असलेला हाच गुण प्रयोगशाळेत मात्र डोकेदुखी ठरतो. एखादा पदार्थ कुठल्या रंगाचा प्रकाश शोषतो हे पाहायचं, तर नेहमीचं यंत्र नमुन्यातून प्रकाश सोडतं आणि पलीकडे किती पोहोचला ते मोजतं. रंगीत पाण्याला हे ठीक आहे. भुकटी, धागा, काजळी किंवा नॅनोकणांचा थर समोर ठेवला, की पलीकडे न पोहोचलेला प्रकाश शोषला गेला की नुसताच विखुरला, हे सहज उलगडत नाही. दुधाच्या पेल्यातून पलीकडचं दिसत नाही, म्हणून दूध काळं ठरत नाही.

यावर एक सुरेख उपाय आहे: प्रकाश मोजायचाच नाही, पदार्थाला कान लावायचा.

नमुना एका छोट्या बंद डबीत ठेवतात. तिला पारदर्शक खिडकी असते आणि आत संवेदनशील मायक्रोफोन. एकाच रंगाचा प्रकाश फिरत्या, खाचा पाडलेल्या चकतीतून तुटक-तुटक आत सोडतात. शोषलेला प्रकाश उष्णता बनतो. पदार्थ क्षणभर तापतो, पुन्हा निवतो, आणि त्याला चिकटून असलेली हवा त्याच तालात फुगते, आकसते. हवेचं असं फुगणं-आकसणं म्हणजेच ध्वनी. विखुरलेला प्रकाश नमुन्याला तापवत नाही, म्हणून तो जवळजवळ मुका राहतो. मग एकेक रंग बदलत जायचं आणि आवाज कुठे चढतो, कुठे पडतो याचा आलेख काढायचा. ही झाली फोटोअकॉस्टिक वर्णपटमिती, म्हणजे प्रकाश-ध्वनीची परीक्षा.

टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या हे लक्षात आलं 1880 साली. सूर्यप्रकाश तुटक करून त्याने एकेक पदार्थ तपासला. सच्छिद्र आणि गडद पदार्थ मोठ्याने बोलत होते: कापूस, लोकर, रेशीम आणि सगळ्यांवर ताण म्हणजे काजळी. त्याने वर्णपटाच्या वेगवेगळ्या रंगांत तांबडी लोकर धरली, तेव्हा आवाज सर्वात मोठा आला हिरव्या भागात. तांबडं दिसणारं कापड हिरवा प्रकाश गिळतं, हे त्याने कानाने पकडलं. डाइंग मिलच्या गावाने ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी.

तेव्हा चांगले मायक्रोफोन नव्हते, लेसर तर नव्हताच. शोध बराच काळ अडगळीत पडला. त्याला नवी धार देणाऱ्यांत बारामतीत 1938 साली जन्मलेले चंद्र कुमार पटेल होते. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले, 1964 साली कार्बन डायऑक्साइड लेसर जगापुढे आणला, आणि 1971 साली लॉइड क्रॉयझर यांच्यासह लेसर आणि ध्वनी यांची जोडी जमवून हवेतला अत्यल्प नायट्रिक ऑक्साइड पकडून दाखवला. हे काम झालं बेलचंच नाव लावणाऱ्या बेल लॅब्समध्ये. घन पदार्थांसाठीचं गणित 1976 साली रोझेनक्वाइग आणि गेर्शो यांनी तिथेच मांडलं. खानदेशातून माणसं सुरतेला गेली, पटेल आडनावाचं घर बारामतीत नांदलं. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यातली ये-जा जुनीच आहे.

नॅनोकणांच्या अभ्यासात ही पद्धत विशेष कामी येते. कॅडमियम सेलेनाइडचा मोठा तुकडा तांबड्याच्या टोकापर्यंतचा जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश शोषतो. तोच पदार्थ दोन-तीन नॅनोमीटरच्या कणांत आणला, की शोषणाची सीमा निळ्या-हिरव्याकडे सरकते. असे कण टायटॅनियम डायऑक्साइडच्या सच्छिद्र, दुधाळ थरावर बसवून सौरघट बनवतात. टोकियोत छिंग शेन आणि तारो तोयोदा यांनी अशा थरांचा अभ्यास याच पद्धतीने केला. थर दुधाळ असला तरी सरकलेली सीमा आवाजातून स्पष्ट कळते.

आणखी एक करामत आहे. चकतीचा वेग बदलला की खोली बदलते. पॉलिएस्टरसारख्या प्लास्टिकमध्ये प्रकाश सेकंदाला 10 वेळा तुटत असेल, तर सुमारे 50 मायक्रोमीटर खोलवरची उष्णता ऐकू येते. 1000 वेळा तुटला, तर वरच्या 5 मायक्रोमीटरचीच. नमुना न कापता पृष्ठभाग आणि आतला भाग असा वेगळा वाचता येतो.

एक मर्यादा सांगायलाच हवी. हे यंत्र फक्त उष्णता ऐकतं. कण शोषलेला प्रकाश पुन्हा प्रकाशरूपानेच बाहेर टाकत असेल, तर तेवढा आवाज कमी पडतो. संशोधक मात्र त्या कमी पडलेल्या आवाजावरूनच कण किती उजळतो याचा हिशेब मांडतात.

विज्ञानशिक्षकांनी याचा एक साधा प्रयोग वर्गात जरूर करावा. काचेची बरणी आतून अर्धी मेणबत्तीच्या काजळीने काळी करून गार होऊ द्यावी. झाकणाला बारीक भोक पाडावं, स्वच्छ बाजू जुन्या तारेच्या बल्बकडे धरावी आणि भोकाला कान लावावा. एलईडी चालेलच असं नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून बल्ब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो. खोली अगदी शांत असेल, तर काजळी त्याच सुरात बारीक घुमताना ऐकू येते.