‘डोळा’ आणि इंग्रजी वाक्प्रचार : तुर्की व मराठी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने

इंग्रजी शिकविणाऱ्या शिक्षकास शब्दांपेक्षा वाक्प्रचार अधिक अडवितात. ‘आय’ म्हणजे डोळा, हे पहिल्या इयत्तेतील मूलही सांगते. परंतु तोच ‘आय’ एखाद्या वाक्प्रचारात येऊन बसला, की सातवीतील हुशार विद्यार्थीही गोंधळतो; आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळदा आपणही गोंधळतो. प्रस्तुत लेखात डोळ्यावरील काही इंग्रजी वाक्प्रचार घेऊन ते वर्गात कसे शिकवावेत, याचा विचार करावयाचा आहे.

आरंभी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. गोष्ट सुमारे तीस वर्षांपूर्वीची. त्या काळी आपल्या शाळांतून इंग्रजी हा विषय पाचवीपासून सुरू होत असे. पहिलीपासून तो आला २००० साली. सातवीच्या वर्गात मी फळ्यावर एक वाक्य लिहिले. नातू हा आजोबांच्या ‘आय’चा ‘ॲपल’ होता, अशा अर्थाचे ते वाक्य होते. एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “नातू आजोबांच्या डोळ्यातले सफरचंद होता.” वर्ग हसला, आणि लिहावयास संकोच वाटतो, पण मीही हसलो. मागाहून मी बरोबर अर्थ सांगितला. परंतु तो मुलगा त्या वर्षी इंग्रजीच्या तासाला पुन्हा आपण होऊन उभा राहिला नाही. त्याचे उत्तर मला वाटले तितके चुकीचे नव्हते, हे मला फार उशिरा कळले. ते कसे, हे पुढे ओघाने येईल.

अशा अडचणी खेड्यातील मुलांनाच येतात, असा एक समज आपल्यात आहे. तो दूर व्हावा यासाठी दूरच्या देशातील एका विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ. तुर्की भाषा पूर्वी अरबी लिपीत लिहिली जात असे. १९२८ साली तुर्कस्तानने तिच्यासाठी रोमन लिपी स्वीकारली. त्यामुळे इंग्रजीची बहुतेक अक्षरे तुर्की मुलाच्या ओळखीची असतात. आपल्या मुलास मात्र ती नव्याने शिकावी लागतात. भाषाकुळाचा विचार करता मराठी आणि इंग्रजी एका मोठ्या कुळातील आहेत, तर तुर्की निराळ्या कुळातील आहे. वाक्यरचनेत मात्र तुर्की मराठीस जवळची आहे. तिच्यातही क्रियापद सामान्यतः शेवटी येते. असा हा विद्यार्थी डोळ्याच्या इंग्रजी वाक्प्रचारांपाशी कोठे सुखाने चालतो व कोठे अडखळतो, हे पाहिले, म्हणजे आपल्या मुलाची अडचण लिपीची नाही आणि बुद्धीची तर नाहीच, हे ध्यानात येईल. तुर्कीत डोळ्याला ‘ग्योझ’ म्हणतात, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

१. जेथे तिन्ही भाषा एका वाटेने जातात

एखाद्या गोष्टीकडे ओझरते पाहणे यास इंग्रजीत ‘टु कास्ट ॲन आय ओव्हर’ म्हणतात. ‘कास्ट’ म्हणजे टाकणे. तुर्कीत ‘ग्योझ आत्माक’ म्हणतात. तेथेही शब्दशः अर्थ डोळा टाकणे असाच आहे. आपण ‘नजर टाकणे’ म्हणतो. येथे मुलास निराळे काही शिकवावेच लागत नाही; जे त्याच्यापाशी आहे ते केवळ दाखवून द्यावयाचे असते.

दुसरे उदाहरण. एखादी वस्तू आपल्याला मिळावी अशी इच्छा धरणे यास इंग्रजीत ‘टु हॅव वन्स आय ऑन’ म्हणतात. तुर्कीत ‘ग्योझ कोयमाक’, म्हणजे डोळा ठेवणे, असे म्हणतात. शेजाऱ्याच्या बांधावर एखाद्याचा डोळा असतो, हे आपल्या मुलांना सांगावयास नको. मात्र येथे एक बारकावा आहे. इंग्रजीत ‘हॅव’च्या जागी ‘कीप’ आले, की बहुधा लोभाचा अर्थ जाऊन देखरेखीचा अर्थ येतो. मराठीत हा भेद आपण नाम बदलून करतो : ‘डोळा ठेवणे’ आणि ‘नजर ठेवणे’ किंवा ‘लक्ष ठेवणे’. इंग्रजीत तो क्रियापद बदलून होतो. हा फरक एकदा फळ्यावर मांडून दाखवावा.

तिसरे उदाहरण काळाचे. ‘इन द ब्लिंक ऑफ ॲन आय’ म्हणजे क्षणार्धात. तुर्की मनुष्य ‘डोळा उघडून मिटेपर्यंत’ या अर्थाचे शब्द वापरतो. आपण ‘डोळ्याचे पाते लवते न लवते तोच’ म्हणतो. शिवाय ‘निमिष’ या शब्दाचा मूळ अर्थच पापणी लवणे असा आहे.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. दृष्ट लागणे यास तुर्कीत ‘नझर देयमेक’ म्हणतात. त्यातील ‘नझर’ हा शब्द आणि आपल्या ‘नजर लागणे’ यातील ‘नजर’ हे एकच होत. मूळ शब्द अरबी आहे. आपल्याकडे तो फारशीच्या वाटेने आला. तुर्कस्तानात दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी बांधतात. आपल्याकडे बाळाच्या गालावर काजळाची तीट लावतात. मुलांना हे सांगितले असता दूरचा देशही त्यांना जवळचा वाटू लागतो.

२. अर्थ एक, चित्र निराळे

येथे किंचित सावध राहावे लागते. एखाद्यास फसविणे या अर्थी इंग्रजीत ‘टु पुल द वूल ओव्हर समवन्स आइज’ असा वाक्प्रचार आहे. त्यात डोळ्यांवर लोकर ओढतात. तुर्कीत ‘ग्योझ बोयामाक’ म्हणजे डोळा रंगविणे. आपण डोळ्यांत धूळ फेकतो. लोकर, रंग आणि धूळ ही तीन साधने झाली. परंतु समोरच्याला खरे दिसू नये, हा हेतू एकच आहे. मुलांना आधी हेतू ओळखावयास लावावा, म्हणजे साधनाचे त्यांना नवल वाटेल, भय वाटणार नाही.

दिसत असून न पाहिल्यासारखे करणे यास ‘टु टर्न अ ब्लाइंड आय’ म्हणतात. हा वाक्प्रचार शिकविताना ॲडमिरल नेल्सनची गोष्ट सांगता येते. १७९४ साली कॉर्सिका बेटावरील लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याला इजा होऊन त्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे १८०१ साली कोपनहेगनच्या आरमारी लढाईत वरिष्ठाने माघारीची निशाणी चढविली, तेव्हा नेल्सनने दुर्बीण आपल्या अंध डोळ्याला लावली आणि मला निशाणी दिसत नाही, असे सांगून लढाई चालू ठेवली, अशी आख्यायिका आहे. तुर्कीत याच अर्थी ‘ग्योझ युम्माक’, म्हणजे डोळा मिटणे, असे म्हणतात. ते आपल्या ‘डोळेझाक’ शब्दाशी तंतोतंत जुळते. आणि आपला ‘कानाडोळा’ तर इंग्रजीच्या अगदी शेजारी बसतो. या शब्दातील ‘काना’ म्हणजे ऐकावयाचा कान नव्हे, तर ‘काणा’, म्हणजे एका डोळ्याने अधू. कित्येक शिक्षकही त्याचा संबंध कानाशी जोडतात. इंग्रजी वाक्प्रचार समजून घेताना आपल्याच भाषेतील एक शब्द असा नव्याने उलगडावा, हा या अभ्यासाचा मोठा लाभ होय.

एखाद्याची काळजीपूर्वक देखरेख करणे यासाठी इंग्रजीत ‘टु कीप ॲन आय ऑन’ एवढेच म्हणतात. तुर्कीत ‘ग्योझ कुलाक ओल्माक’ म्हणतात, म्हणजे एखाद्यासाठी डोळा आणि कान होणे. आपण तर डोळ्यांत तेल घालून पहारा करतो. तसेच, जिला पाहून बरे वाटते अशा व्यक्तीस वा वस्तूस इंग्रजीत ‘अ साइट फॉर सोअर आइज’ म्हणतात. आपल्या मुलांना यातून डोळे आल्याचा भास होतो. त्यांना एवढेच विचारावे की, परगावी गेलेला मुलगा दिवाळीला घरी आला, म्हणजे आईच्या डोळ्यांना काय होते? ‘डोळे निवतात’ हे उत्तर वर्गातूनच येईल. ज्याची वाट पाहिली ते माणूस घरी आले, म्हणजे तुर्की लोक त्या घरच्यांना ‘ग्योझून आयदिन’, म्हणजे तुझा डोळा उजळो, असे म्हणून आनंद व्यक्त करतात.

३. फसवे वाक्प्रचार

सर्वांत अधिक चुका येथे होतात. कारण शब्द ओळखीचे दिसतात आणि अर्थ भलताच निघतो. ‘टु सी आय टु आय’ याचे उदाहरण घ्या. दोन भावांचे ‘आय टु आय’ होत नाही, असे वाक्य आले, तर आपला विद्यार्थी लिहितो : ‘ते एकमेकांकडे पाहत नाहीत.’ तुर्की विद्यार्थीही येथेच फसण्याचा संभव असतो, कारण त्याच्या भाषेतील ‘ग्योझ ग्योझे गेलमेक’ याचा अर्थ नजरानजर होणे असा आहे. इंग्रजीत मात्र अर्थ आहे एकमत होणे. आणि हा वाक्प्रचार बहुधा नकारार्थी, म्हणजे एकमत नाही हे सांगण्यासाठी, येतो. मराठीत नजरेला नजर भिडविणे म्हणजे प्रसंगी आव्हान देणे. तेव्हा आपल्या भाषेचे बोट धरून गेलेले मूल येथे नेमके उलट दिशेला जाते. यात मुलाचा दोष नाही. त्याने नियम बरोबर लावला. तो नियम येथे लागू पडत नाही, एवढेच.

‘टु बी अप टु वन्स आइज’ म्हणजे कामात वा कर्जात पुरते बुडालेले असणे. तुर्की आणि मराठी माणूस कर्जात गळ्यापर्यंत बुडतो. इंग्रजी माणूस डोळ्यांपर्यंत. अर्थ कळला, तरी अवयव बदललेला आहे, हे सांगावयास हवे.

उलट दिशेनेही सावधगिरी हवी. एखादा मनुष्य आपल्या ‘नजरेतून उतरतो’. तुर्कीत तो ‘ग्योझदेन द्युश्मेक’, म्हणजे डोळ्यातून पडतो. परंतु इंग्रजीत त्या जागी सामान्यतः ‘फॉल आउट ऑफ फेव्हर’ म्हणतात, आणि त्यात डोळा मुळीच नाही. तसेच ‘डोळा लागणे’, ‘डोळे लागणे’ आणि ‘डोळे येणे’ या तिहींचे शब्दशः इंग्रजी केले, तर अनर्थ होईल. डोळा लागला म्हणजे झोप आली, डोळे लागले म्हणजे वाट पाहिली, आणि डोळे आले म्हणजे दुखणे झाले. मराठी मुलास हे कोणी शिकविलेले नसते, आणि तरी तो चुकत नाही. ही त्याची भाषिक शक्ती आहे. तिची जाणीव त्याला आपण करून द्यावी.

४. डोळ्यातील बाहुली

आता त्या सफरचंदाकडे वळू. फार जुन्या इंग्रजीत, म्हणजे नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या काळातही, डोळ्यातील काळ्या भागास ‘ॲपल’ या शब्दाच्या तत्कालीन रूपाने संबोधीत असत; कारण तो भाग एखाद्या फळासारखी घट्ट गोळी आहे, अशी त्या काळची समजूत होती. तोच भाग दृष्टीस सर्वांत मोलाचा. म्हणून जिवापाड प्रिय व्यक्तीस ‘ॲपल ऑफ वन्स आय’ म्हणू लागले. म्हणजे ‘डोळ्यातले सफरचंद’ असे जे त्या मुलाने सांगितले, ते चित्र इंग्रजांच्या पूर्वजांच्या मनात खरोखरच होते. त्याला हवी होती ती पुढची एक पायरी. आणि ती दाखविण्याऐवजी मी हसलो.

त्या काळ्या भागाला आपण डोळ्यातील ‘बाहुली’ म्हणतो. संस्कृतात त्यास ‘कनीनिका’ असे नाव आहे. त्याचा अर्थ लहान मुलगी. तुर्कीत ‘ग्योझबेबेई’ म्हणतात. त्याचा अर्थ डोळ्यातील बाळ किंवा बाहुली. आणि तेथेही अतिशय प्रिय व्यक्तीस हाच शब्द लावतात. आजचा इंग्रजी शब्द आहे ‘प्यूपिल’. तो ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचाही अर्थ लहान मुलगी, बाहुली असाच आहे. एवढ्या भाषांना एकच कल्पना सुचावी, याचे कारण साधे आहे. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिले, तर त्या काळ्या वर्तुळात आपलीच इवली आकृती दिसते. वर्गात मुलांना जोडीजोडीने हे करून पाहू द्यावे. यास कोणतेही साहित्य लागत नाही.

५. वर्गात काय करावे

(१) वाक्प्रचाराची यादी पाठ करावयास देऊ नये. आठवड्यास एकच घ्यावा, आणि आधी प्रसंग सांगून मग वाक्प्रचार सांगावा.

(२) फळ्यावर तीन रकाने आखावेत : शब्दशः दिसणारे चित्र, खरा अर्थ, आणि अशा वेळी मराठीत आपण काय म्हणतो. पहिल्या रकान्यात मुलांनी चित्र काढावे. हसू आले तर ते चित्राला येऊ द्यावे, मुलाला नव्हे.

(३) तिसरा रकाना भरण्यासाठी मुलांना घरी आजी-आजोबांना विचारून यावयास सांगावे. ज्यांना इंग्रजीचे अक्षरही येत नाही, अशी वडील माणसे या निमित्ताने इंग्रजीच्या पाठात साहाय्य करतील. ज्यांची घरची बोली निराळी आहे, त्या मुलांनी आपल्या बोलीतील शब्द आणावेत. तेही फळ्यावर मानाने लिहावेत.

(४) ‘आय’ म्हणजे डोळा आणि ‘आय’ म्हणजे मी, यांचा उच्चार एकच आहे. म्हणून केवळ तोंडी पाठ न घेता दोन्हींचे लेखन शेजारी शेजारी दाखवावे.

(५) शब्दशः भाषांतर करणाऱ्या मुलास ‘चूक’ असे म्हणण्यापूर्वी ‘तुला कोणते चित्र दिसले?’ असे विचारावे. त्याच्या उत्तरात पुढील पाठाचा धागा बहुधा सापडतो.

अखेरीस एकच गोष्ट नोंदवितो. इंग्रजीत ‘प्यूपिल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत : डोळ्यातील बाहुली आणि विद्यार्थी. लहान मूल या अर्थाच्या एकाच लॅटिन मुळापासून दोन्ही शब्द निघाले. त्यांपैकी विद्यार्थ्यासाठीचा शब्द आधी पोरके, दुसऱ्याच्या स्वाधीन असलेले मूल या अर्थाचा होता. तीस वर्षांपूर्वीचा तो मुलगा आज कोठे आहे, हे मला ठाऊक नाही. परंतु आपल्या स्वाधीन केलेले प्रत्येक मूल वर्गात उत्तर देण्यासाठी उभे राहते, तेव्हा ते आपल्याच डोळ्यांकडे पाहत असते, आणि तेथे त्याला आपली आकृती दिसत असते. ती त्याला कशी दिसावी, हे शिक्षकाच्या हाती आहे.